विश्वविजेते होता होता राहिलेले दहा

यादवराव बोरस्त्यांना आयुष्यात एकच गोष्ट पुरी करायची होती, ती म्हणजे दहापासून एकपर्यंत मोजणं. हसू नका. तुम्हाआम्हाला ते सोपं वाटतं, कारण आपण नुसते आकडे मोजतो. यादवराव मोजायचे ते बॉक्सर. तेही हेवीवेट, म्हणजे सगळ्यांत वजनदार गटातले, आणि त्यातही असे, की ज्यांचं जगज्जेतेपद हातातोंडाशी येऊन गेलं. अशा दहा जणांची क्रमवारी त्यांनी लावली होती. गेली चाळीस वर्षं ते ती भेटेल त्याला ऐकवायला घेत, आणि चाळीस वर्षांत एकही माणूस सातव्या नंबरापुढे टिकला नव्हता. कोणाला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवे, कोणाला एकाएकी फोन येई. एकदा तर देवळाली कॅम्पच्या बसमध्ये शेजारचा माणूस आठव्या नंबरावरच नाशिक रोडला उतरून गेला. त्याने तिकीट द्वारकेचं काढलं होतं, हे यादवरावांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

बॉक्सिंग त्यांच्या आयुष्यात आलं नोकरीतून. देवळाली कॅम्पात लष्कराच्या एका कार्यालयात ते सिव्हिलियन कारकून म्हणून लागले. तिथल्या वाचनखोलीत जुनी इंग्रजी मासिकं पडलेली असत, आणि वर्षातून एकदा जवानांच्या बॉक्सिंगच्या लढती होत. त्या बघायला कारकून मंडळींना मागच्या बाकावर बसू देत. एकदा एका हवालदाराने गंमत म्हणून यादवरावांच्या हातांत ग्लोव्हज चढवले. ती लढत अकरा सेकंद चालली. तेव्हापासून त्यांचं नाक किंचित डावीकडे बघतं, आणि "मी स्वतः रिंगमध्ये उतरलेलो आहे" असं ते सांगतात तेव्हा त्यात तसूभरही खोटं नसतं.

नोकरीत ते चढत चढत 'प्रभारी अधीक्षक' झाले. नऊ वर्षं प्रभारीच. एकदा कायम करण्याचा हुकूम टाइपसुद्धा झाला होता. तो सहीला वर गेला आणि तिथून काही परत आला नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी "आपले अधीक्षक" अशी सुरुवात केली, मग चष्मा लावून कागद पाहिला आणि "प्रभारी" अशी दुरुस्ती केली. हे आपण मनाला लावून घेतलेलं नाही, असं यादवराव दर दोनचार दिवसांनी सांगत असतात.

आता ते गंगापूर रोडला, आतल्या बाजूच्या गोदासृष्टी सोसायटीत राहतात. यादी एका हिरव्या पुठ्ठ्याच्या रजिस्टरात आहे. त्यात कात्रणं, वजनं, उंच्या आणि समासात बारीक अक्षरात शेरे. उज्वलाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, दर दिवाळीला त्या रजिस्टरावर फडकं मारतात आणि "एवढा अभ्यास नोकरीसाठी केला असता तर" असं म्हणून पुढचं वाक्य गिळतात. यादवराव त्यांनाही यादी ऐकवत आले, पण त्या नेहमी कणीक मळत असायच्या नाहीतर कोथिंबीर निवडत असायच्या. त्या "हं" म्हणत. ते "हं" आपल्याला असतं की कोथिंबिरीला, हे यादवरावांना कधी कळलं नाही.

तर झालं असं. सोसायटीच्या वर्धापनदिनाला दरवर्षी एक डॉक्टर गुडघेदुखीवर व्याख्यान द्यायचे. यंदा त्यांच्याच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. सोसायटीचे चेअरमन महेश भडांगे लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "काका, वीस मिनिटं बोलता का तुम्ही? काहीही चालेल हो. जेवण लागेपर्यंत लोकांना बसवून ठेवायचं, बास."

यादवरावांना 'वीस मिनिटं' एवढंच ऐकू आलं. दहा बॉक्सर, प्रत्येकी दोन मिनिटं. हिशेब असा चोख जमला की त्यांना लिफ्टमधून बाहेर पडायचं सुचेना आणि ते पुन्हा तळमजल्यावर गेले.

घरी येऊन त्यांनी बातमी सांगितली तर उज्वलाताई म्हणाल्या, "चांगलं झालं. फक्त एक करा. पहिला नंबर आधी सांगून टाका."

"अगं, उलटं मोजायचं असतं. दहा, नऊ, आठ. उत्कंठा नावाची काही गोष्ट असते की नाही?"

"उत्कंठा पुऱ्यांची असते. लोकं जेवायला आलेली असतात."

बायकोचा सल्ला त्यांनी वाचून दप्तरी दाखल केला, म्हणजे ऐकला नाही.

इथवर सगळं सरळ होतं. पण महेश भडांगे हा नियमांचा माणूस. सोसायटीत नळाचा वॉशर बदलायचा तरी तो ठराव मांडतो. त्याने विचारलं, "काका, यादी आहे म्हणजे क्रम आला. क्रम आला म्हणजे वाद आला. उद्या कोणी विचारलं की हा वर कसा आणि तो खाली कसा, तर कमिटीने काय उत्तर द्यायचं? हरकती मागवून घेऊ." आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली: 'हेवीवेट बॉक्सरांची प्रारूप क्रमवारी. सभासदांनी हरकती व सूचना सात दिवसांत लेखी द्याव्यात.' पहिल्या नंबराची जागा यादवरावांनी उत्कंठेपोटी कोरी ठेवली होती.

सात दिवसांत चौदा हरकती आल्या. वर्षाला जमाखर्च लावतात तेव्हा चौघेसुद्धा वाचत नाहीत, पण इथे चौदा! एकाने विचारलं, यात शाकाहारी किती? एका ताईंनी लिहिलं, हिंसेला प्रोत्साहन मिळेल, त्यापेक्षा रांगोळी ठेवा. बी विंगने एकत्र सही करून कळवलं की यादीत बी विंगला प्रतिनिधित्व दिलेलं नाही. आणि समोरच्या फ्लॅटमधले खंडेराव पिंगळे तर लेखी बिखी न देता थेट घरात येऊन बसले.

"बोरस्ते साहेब, मी वाचली यादी. नऊच्या नऊ परदेशी. मातीतला एकबी गडी नाय?"

"खंडेराव, ही बॉक्सिंगची यादी आहे."

"आसंल. पर आमचा सहादू घ्या. माझा चुलतभाऊ. सिन्नरच्या यात्रंला शेवटची कुस्ती, चांदीचं कडं समोर ठिवल्यालं, आन ह्या पठ्ठ्याचा पाय घसारला. जिकता जिकता राह्यला का नाय? तुमचं तेच तर हाय."

"अहो, पण हेवीवेटला वजन नव्वद किलोच्या वर लागतं," यादवरावांनी सुटकेचा दरवाजा शोधला.

"सहादू एकशे बारा हाय. बसल्यावर लय जास्त दिसतो."

यादवरावांनी चौदाही हरकतींना जावक क्रमांक टाकून उत्तरं दिली: 'आपली हरकत विचारात घेऊन फेटाळण्यात येत आहे.' खाली सही, आणि सहीखाली सवयीने 'प्रभारी अधीक्षक (निवृत्त)'. सहीखाली हुद्दा टाकायची चाळीस वर्षांची सवय, दुसरं काही नाही. पण चौदा हरकतींत एकही बॉक्सिंगबद्दल नव्हती, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

मग निघाला फ्लेक्सचा विषय. "फ्लेक्स पाहिजेच," महेश म्हणाला, "नाहीतर कार्यक्रम झाला हे लोकांना कळणार कसं?" प्रायोजक शोधावा लागला नाही. आमच्या भागात कुठलाही फ्लेक्स लागायचा असला की प्रायोजक तयार असतात: राकेशभाऊ कडलग, भावी नगरसेवक. दहावीचा निकाल असो, रक्तदान असो, कोणाच्या कुत्र्याचा वाढदिवस असो, कोपऱ्यात राकेशभाऊ हात जोडून उभे. माणूस दिलदार. फक्त 'भावी' हा शब्द त्यांच्या नावामागे इतकी वर्षं आहे, की नव्या लोकांना ते त्यांचं नाव आणि राकेशभाऊ हे टोपणनाव वाटतं. तीन निवडणुका लढले आणि तिन्ही पडले.

रस्त्याच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लावायचा म्हणजे परवानगी. यादवराव हिरवं रजिस्टर घेऊन महापालिकेतल्या परवानगीच्या खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला.

"दहा फोटो आहेत का?"

"हो. दहा बॉक्सर."

"त्यांची संमतीपत्रं?"

"अहो मॅडम, यातले बरेच वारलेत."

"मग मृत्यूचे दाखले जोडा."

"एक तर एकोणीसशे छप्पन साली वारला. अमेरिकेत."

"म्हणजे सत्यप्रत लागेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि जिवंत असतील त्यांच्या सह्या."

"एक पोलंडचा आहे."

"पोलंड कुठल्या विभागात येतं?"

यादवरावांनी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसून चाळीस वर्षं काढलेली. बाहेरून खिडकी कशी दिसते हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. शेवटी बाईंनाच दया आली. "हे बघा काका, बॉक्सरच पाहिजेत असं नाही ना? ज्यांची संमती मिळेल त्यांचे फोटो द्या, लगेच शिक्का मारते." यादवरावांनी हे महेशला सांगितलं, महेश म्हणाला, "सोडा हो, मी करतो," आणि संध्याकाळपर्यंत त्याने दहा संमतीपत्रं गोळा केली: राकेशभाऊंचं, स्वतःचं आणि कमिटीच्या सात जणांचं. दहावं खंडेरावांनी सिन्नरहून व्हॉट्सअॅपवर मागवलं. परवानगी मिळाली. कोणाकोणाच्या संमतीवर, हे यादवरावांना ना कोणी सांगितलं, ना त्यांनी विचारलं.

यादवराव द्वारकेला दिनेशच्या दुकानात गेले. दिनेश म्हणजे फ्लेक्सचं डिझाइन करणारा. त्याने मजकूर आधीच मांडून ठेवला होता. वर ठसठशीत अक्षरात शीर्षक, खाली दहा गोल, प्रत्येक गोलात आकडा, गोल रिकामे. यादवरावांनी चष्मा पुसून शुद्धलेखन तपासलं, 'वक्ते: श्री. यादवराव बोरस्ते' ही ओळ तीनदा वाचली आणि 'मंजूर' म्हणून सही केली. फोटो महेश पाठवणार होता. महेशने पाठवले, आणि सोबत लिहिलं, 'दहा फोटो आहेत, नीट लाव.' आता दिनेशने आजवर हजारांनी फ्लेक्स केले असतील, आणि त्या धंद्यात एकच नियम आहे: प्रायोजक पहिला. पुढे मानपानाप्रमाणे. दहा गोल, दहा फोटो. त्याचं काही चुकलं असं निदान मी तरी म्हणणार नाही.

सोमवारी सकाळी यादवराव फिरायला निघाले ते मुद्दाम कोपऱ्यावरून. फ्लेक्स लागला होता. दुरूनच त्यांचं ऊर भरून आलं. जवळ गेले आणि ते भरलेलं ऊर तसंच राहिलं, श्वास काही बाहेर येईना.

वर लिहिलं होतं: 'विश्वविजेते होता होता राहिलेले दहा हेवीवेट'. खाली पहिल्या नंबराच्या गोलात, काळा गॉगल लावून, हात जोडून, राकेशभाऊ कडलग. दुसऱ्या नंबरावर महेश भडांगे. पुढे उतरत्या क्रमाने सोसायटीची कमिटी. आणि दहाव्या नंबरावर फेटा बांधलेला एकशे बारा किलोचा सहादू. 'वक्ते' ही ओळ नेमकी विजेच्या खांबामागे गेली होती.

खंडेराव शेजारी येऊन उभे राहिले. "घेतलाच म्हना की सहादूला," ते म्हणाले आणि त्यांनी यादवरावांचा हात दाबला.

दहा वाजेपर्यंत तो फोटो नाशिकच्या निम्म्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरला. राकेशभाऊंच्या विरोधकांनी तर त्याखाली टाळ्या वाजवणारे हात पाठवले, प्रत्येकी तीन. सव्वादहाला यादवरावांना फोन: "भाऊंनी बोलावलंय. द्वारकेला, संपर्क कार्यालयात. लगेच."

यादवराव धावत महेशकडे गेले. महेशने एका सकाळीत आपली बाजू पक्की करून ठेवली होती. "काका, यादी तुमची. कमिटीने फक्त हरकती मागवल्या. आता भाऊंची समजूत तुम्हीच घाला, नाहीतर व्याख्यान रद्द. गुडघ्याची जुनी सीडी आहे आपल्याकडे, ती लावू."

रद्द! चाळीस वर्षांनी वीस मिनिटं मिळाली होती, आणि तीही गुडघ्याच्या सीडीला जाणार. यादवरावांना मार खाण्याची भीती होती, नाही असं नाही, पण या गोष्टीचं दुःख त्याहून मोठं होतं. त्यांनी रजिस्टर पिशवीत घातलं. उज्वलाताई दारापर्यंत आल्या. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि एवढंच म्हणाल्या, "नाक जपा."

संपर्क कार्यालयात पंधरा-वीस कार्यकर्ते प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. मधोमध राकेशभाऊ. माणूस अंगाने खरोखरच हेवीवेट.

"काका," राकेशभाऊ म्हणाले, "मी तुमचं काय घोडं मारलं?"

"भाऊ, गैरसमज..."

"तीन टायमाला पडलो, मान्य. घरात बायको बोलती, ऐकून घेतो. पण चौकात? आन डायरेक एक नंबर?"

"भाऊ, ही पडलेल्यांची यादी नाही हो!" यादवराव कळवळून बोलले. "हा मान आहे. हे लोक असे तगडे होते, की यांना पाडताना जगाला घाम फुटला. तुम्ही ऐका तर खरं. हा दहावा. हेन्री कूपर, इंग्लंडचा. डाव्या हाताचा असा ठोसा, की महंमद अलीला त्याने जमिनीवर बसवला. पण याची भुवई लगेच फुटायची. रक्त आलं की लढत थांबवायचे."

"तब्येतीनं दगा दिला," एक कार्यकर्ता म्हणाला.

"नववा पोलंडचा. गोलोटा. गुणांत पुढे होता, जिंकतच होता, पण सारखा कमरेखाली मारायचा. बाद केला. पुन्हा त्याच माणसाशी लढत, पुन्हा पुढे, पुन्हा कमरेखाली, पुन्हा बाद!"

"आपला मागच्या वॉर्डातला," कोणीतरी मागून म्हणालं, "दोन्ही टायमाला अर्ज बाद." खुर्च्या पुढे सरकल्या. आठवा चुवालो, ज्याला त्र्याण्णव लढतींत कोणी एकदाही खाली पाडू शकलं नाही, पण जगज्जेतेपदाचा पट्टा मिळाला नाही तो नाहीच. सातवा झाला, सहावा झाला, पाचवा झाला. चौथा अर्नी शेव्हर्स. सातव्या फेरीत त्याने चॅम्पियनला असा हाणला की तो आडवा. सगळं संपलं म्हणताना चॅम्पियन उठला, आणि चार फेऱ्यांनी यालाच हरवून गेला. "मतमोजणी!" राकेशभाऊ ओरडले. "सेम मतमोजणी! सातव्या फेरीला लीड असतंय!" तिसरा झाला. सातवा नंबर केव्हाच मागे पडलाय आणि कोणाचंच दूध उतू गेलेलं नाही, हे यादवरावांच्या ध्यानातही आलं नाही.

"दुसरा हॅरी विल्स. काळा म्हणून याला वर्षानुवर्षं लढतच देत नव्हते. लोकांनी ओरड केली तेव्हा चॅम्पियनबरोबर करार झाला. सह्या झाल्या. आणि लढत झालीच नाही."

"एबी फॉर्म!" राकेशभाऊंचा आवाज चिरकला. "पक्षानं तिकीट हातात दिलं आन काढून घेतलं!" एका वयस्कर कार्यकर्त्याने उपरण्याने डोळे टिपले.

"आणि पहिला," यादवराव म्हणाले. इथवर ते कधी पोचलेच नव्हते.

"थांबा." राकेशभाऊंनी हात वर केला. "एक नंबर सांगू नका. एक नंबरला मीच राहू द्या. फ्लेक्स बी राहू द्या. तुम्ही फक्त ष्टेजवरून सांगायचं, की भाऊंवर अन्याय झाला. कार्यक्रम जोरात करू. खुर्च्या माझ्या, माईक माझा, दोनशे माणूस माझं."

हो म्हणायचं की झालं. व्याख्यान वाचलं, मार वाचला, वर दोनशे श्रोते. यादवरावांनी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. पण रजिस्टर मांडीवर उघडं होतं आणि पानावर त्यांच्याच अक्षरात नियम लिहिले होते.

"भाऊ," ते म्हणाले, "तुम्ही यादीत बसत नाही."

"का?"

"यादीत यायचं तर जिंकता जिंकता राहावं लागतं. तुमचं तिन्ही वेळा डिपॉझिट गेलंय."

सगळेच्या सगळे कार्यकर्ते एकदम पंख्याकडे बघायला लागले. यादवरावांनी डोळे मिटून घेतले. डावीकडे गेलेलं नाक आज बहुतेक सरळ होणार, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"बाहेर व्हा रे सगळे," राकेशभाऊ म्हणाले. सगळे गेले. राकेशभाऊंनी टेबलावरचा गणपती आपल्याकडे वळवून घेतला. मग म्हणाले, "तिन्ही टायमाला ह्या लोकांनी मला सांगितलं, भाऊ, थोडक्यात गेलं. मी बी तेच धरून बसलो." त्यांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "थोडक्यात म्हंजी किती असतंय, काका?"

"शेव्हर्सचं एका ठोशाने गेलं."

"आन माझं?"

"तुम्ही अजून ग्लोव्हजच घालताय," यादवराव म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं.

राकेशभाऊंनी नाक शिंकरलं. "फ्लेक्स उतरवतो. कार्यक्रम होऊ द्या. मी ऐकायला येतो."

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मांडव. खुर्च्या खरंच राकेशभाऊंच्या, माईक त्यांचा, आणि माणसंही. पण कार्यक्रम म्हटला की आपल्याकडे आधी सत्कार. चेअरमनचा सत्कार, कमिटीचा सत्कार, खुर्च्यावाल्याचा सत्कार. सिन्नरहून सहादू फेटा बांधून आला होता. आपण दहावे आलो असं त्याला फोनवर कळलेलं, त्यामुळे त्याचाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा लागला. माईक यादवरावांच्या हाती आला तेव्हा वीस मिनिटांची नऊ उरली होती आणि महेश पहिल्या रांगेतून घड्याळाच्या काचेवर बोट आपटत होता.

यादवरावांनी दहापासून सुरुवात केली. भरभर, पण एकालाही न गाळता. कूपर झाला, गोलोटा झाला, शेव्हर्स आडवा करून उठवला. "दुसरा, हॅरी विल्स," ते म्हणाले, आणि नेमक्या त्याच क्षणी केटररने मसालेभाताचं झाकण काढलं.

वास मांडवभर गेला. आधी बी विंग उठली, मग ए विंग, मग दोनशे कार्यकर्ते. विल्सच्या करारावर सह्या होईपर्यंत समोरच्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. महेशने दुसरा माईक उचलून "सरांचे आभार, सर्वांनी जेवूनच जायचंय" असं म्हणून टाकलं. यादवरावांनी रजिस्टर मिटलं. सातव्याऐवजी दुसऱ्यापर्यंत गेलो, हे काय कमी झालं, असं ते स्वतःला समजावत होते.

"ए! थांबा रे!" मांडव दणाणला. राकेशभाऊ खुर्चीवरून उठले होते. "एक नंबर राह्यलाय! झाकणं लावा ती!"

कार्यकर्त्यांना हुकूम पाळायची सवय. पटापट झाकणं बसली. रिकामी ताटं हातात घेतलेली अडीचशे माणसं वळली आणि यादवरावांकडे बघायला लागली.

"काका," राकेशभाऊंनी विचारलं, "एक नंबर कोण?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. यादवरावांनी तोंड उघडलं, आणि नाव आठवेना. चेहरा आठवतोय, उंची आठवतेय, जन्मसाल आठवतंय, नाव गायब! रजिस्टर मिटलेलं, चष्मा कुठल्या खिशात कोण जाणे. कोणीतरी हसलं. महेशने माईक पुन्हा उचलला.

"लँगफर्ड!" पुऱ्यांच्या टोपल्यापाशी, हातात ताट घेऊन उभ्या असलेल्या उज्वलाताई ओरडल्या. "अहो, सॅम लँगफर्ड! साडेपाच फुटांचा, तुमच्याएवढा! त्याला भिऊन चॅम्पियन लढतच देईनात. शेवटी डोळे गेले हो बिचाऱ्याचे, तरी लढत होता. सांगा ना आता, बघताय काय माझ्याकडे?"

आणि यादवरावांनी सांगितलं. घाई न करता, दोन मिनिटांची सात मिनिटं करून सांगितलं. अडीचशे माणसं उभी राहून ऐकत होती. भात निवला, पुऱ्या वातड झाल्या, पण एकाने ताट पुढे केलं नाही. संपल्यावर पहिली टाळी सहादूने वाजवली.

जेवताना राकेशभाऊ त्यांच्याजवळ आले. "काका, पुढच्या टायमाला थोडक्यात पडून दाखवतो. मग तरी घ्याल ना यादीत?"

"अर्ज करा," यादवराव म्हणाले. "हरकती मागवू."

मंडळी पांगली. दोघं नवराबायको एका कोपऱ्यात खुर्च्या ओढून गार पुऱ्या खात बसली होती. यादवरावांनी हातातली पुरी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "तू ऐकत होतीस? इतकी वर्षं?"

"कणीक मळत होते, बहिरी नव्हते." उज्वलाताईंनी लोणच्याची फोड बाजूला केली. "पण मला विचाराल तर तुमचं चुकलंय."

"काय चुकलंय?"

"पहिला विल्स पाहिजे. लँगफर्डला कोणी आशाच दाखवली नव्हती हो. विल्सचं तसं नाही. त्याचा कागद झाला होता. टाइप होऊन सहीपर्यंत गेला होता. घरच्यांनी पेढेसुद्धा आणून ठेवले असतील. त्याचं जास्त लागतं."

त्या हे सगळं ताटाकडे बघत बोलल्या. यादवरावांनी आपलं ताट बाजूला सारलं. मग त्यांनी हात धुतले, चष्मा शोधला आणि रजिस्टर उघडलं. ही पंधरावी हरकत होती, आणि बॉक्सिंगबद्दलची पहिलीच. पहिल्या दोन नावांवर त्यांनी खालीवर बाण काढले, समासात 'हरकत मान्य' असं लिहिलं आणि सही केली. सहीखाली सवयीने त्यांनी हुद्दा लिहायला घेतला, पेन जरा थांबलं, आणि मग त्यांनी नुसतंच 'अधीक्षक' असं लिहिलं.